एक्स्टिरिअर रेंडर 'आणून ठेवल्यासारखा' दिसतोय? खोट कुठे शोधायची

रत्नागिरीजवळच्या एका गावातलं जांभ्याच्या चिऱ्यांचं दुमजली घर. मालक निवृत्त शिक्षक, त्यामुळे आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. पहिला रेंडर, म्हणजे संगणकातल्या थ्रीडी मॉडेलवरून काढलेलं फोटोसारखं चित्र, मोठ्या पडद्यावर लावला. गुरुजी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "घर छान आहे हो. पण कोणीतरी आत्ताच आणून ठेवल्यासारखं वाटतंय."

मी त्याचा अर्थ 'क्वालिटी कमी पडली' असा लावला. सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी मोजले जाणारे किरण) ५०० वरून ४००० वर नेले, टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) ८के केली, तीन रात्री मशीन तापवलं. हाती आलं तेच घर, तसंच आणून ठेवलेलं, फक्त जास्त स्वच्छ आणि म्हणून जास्तच खोटं.

"रेंडर प्लास्टिकसारखा येतोय, सेटिंग सांगा" असा प्रश्न आमच्याकडे येणारी नवी मुलं सतत विचारतात. सेटिंग चुकलेली असतातही, पुढे सांगतोच. पण घर आपण जीव ओतून मॉडेल करतो आणि ते जिथे उभं आहे ती जमीन, त्यावर पडणारं ऊन आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागचं जग मात्र रिकामं सोडतो. माझ्या अनुभवात दहातल्या सात रेंडरांची खोट घराबाहेर असते.

आधी रंग काढून टाका

काहीही बदलण्याआधी एक क्ले रेंडर मारा. सगळ्या वस्तूंना एकच करडं मटेरियल द्या, परावर्तन ०.५ च्या आसपास. व्ही-रे या रेंडर इंजिनमध्ये मटेरियल ओव्हरराइड आहे, ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये व्ह्यू लेयरला तीच सोय आहे. फक्त काचा आणि झाडांची पानं यातून वगळा, नाहीतर घरात अंधार आणि झाडांच्या जागी चौकोनी पुठ्ठे दिसतील.

हे करडं चित्र मातीच्या मॉडेलचा उन्हात काढलेला फोटो वाटतंय का? वाटत असेल तर उजेड बरोबर आहे, दोष मटेरियलमध्ये शोधा. वाटत नसेल तर टेक्स्चरला हात लावू नका. उजेड चुकलेला असताना जांभ्याचा रंग जुळवत बसणं म्हणजे भिंत ओळंब्यात नसताना रंगाऱ्याला बोलावणं.

सावल्या राखाडी, ऊन मिळमिळीत

सर्वांत जास्त वेळा भेटणारा दोष हाच. लख्ख दुपार दाखवायची असते आणि चित्र ढगाळ येतं.

पहिला संशयित म्हणजे एचडीआरआय, सीनला उजेड देणारा आकाशाचा ३६० अंशांचा फोटो. आकाशाच्या मानाने सूर्य इतका प्रचंड तेजस्वी असतो, की बऱ्याच फुकट फाइलींमध्ये त्याचं तेज मध्येच कापलेलं असतं. बघायला आकाश सुंदर दिसतं, पण त्यातला सूर्य उजेड टाकत नाही. ओळखायचं कसं? मोकळ्या जमिनीवर एक उभी काठी ठेवा आणि फक्त एचडीआरआयवर रेंडर मारा. काठीची सावली फिकट आणि पसरट आली की सूर्य कापलेला आहे. मग एचडीआरआय फक्त आकाशासाठी ठेवायचा आणि त्यातल्या सूर्याच्याच दिशेला स्वतंत्र सन लाइट लावायचा. दिशा जुळवली नाही, तर ढगांचा उजेड एकीकडून आणि ऊन दुसरीकडून येतं. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. उलट एचडीआरआयमधला सूर्य शाबूत असेल आणि तुम्ही दुसराही लावलात, तर प्रत्येक खांबाला दोन सावल्या पडतील. असे रेंडर छापील होर्डिंगवर गेलेले मी पाहिलेत.

किती फरक हवा, याचा एक ढोबळ हिशेब मी ठेवतो. निरभ्र दिवशी उन्हात साधारण एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो आणि सावलीत दहा ते वीस हजार. म्हणजे एकाच फरशीचा उन्हातला भाग सावलीतल्या भागापेक्षा पाच-सहा ते आठ पट उजळ यायला हवा. रेंडर ईएक्सआर फाइलमध्ये ठेवा आणि मूळ लिनिअर (उजेडाच्या सरळ प्रमाणातले) आकडे वाचा. ब्लेंडरच्या इमेज एडिटरमध्ये माउसचं उजवं बटण दाबून धरलं की ते खाली दिसतात. माझ्या त्या पहिल्या रेंडरमध्ये हे प्रमाण दुपटीच्याही आत होतं.

दुसरा संशयित भिंतीचा पांढरा रंग. शेडकार्डावरून उचललेला २५५-२५५-२५५ हा पांढरा जगात कुठेच नसतो. ताजा चांगला पांढरा रंगसुद्धा पडलेल्या उजेडाचा साधारण ८० टक्के भाग परत फेकतो, म्हणजे एसआरजीबीत (पडद्यावरच्या ० ते २५५ या नेहमीच्या रंगमोजणीत) २३० च्या आसपास. शंभर टक्के परत फेकणारी भिंत उजेड कधी गिळतच नाही. तो छज्जाखाली, पडवीत, कोपऱ्यांत उड्या मारत राहतो आणि सावल्या धुऊन टाकतो. २३० केल्यावर भिंत मळकी वाटली तर रंग वाढवू नका, एक्स्पोजर वाढवा. काळ्याचंही तसंच. शून्य कुठेच नसावं. कोळशासारख्या काळ्यालाही ५०-५५ द्या.

ब्लेंडरवाल्यांनी एवढं बघून घ्यावं, की कलर मॅनेजमेंट (उजेडाचे आकडे पडद्यावरच्या रंगांत बसवण्याचं सेटिंग) 'स्टँडर्ड'वर पडलेलं नाही. स्टँडर्डमध्ये उन्हातली भिंत जळते, मग माणूस सूर्य कमी करतो आणि पुन्हा चित्र ढगाळ होतं. २०१७ साली २.७९ आवृत्तीत फिल्मिक हा दुसरा पर्याय आला, २०२३ च्या ४.० पासून एजीएक्स हा पर्याय मुळातच लागलेला असतो. जुनी फाइल उघडली की मात्र जुनंच सेटिंग येतं.

व्ही-रेचा फिजिकल कॅमेरा वापरत असाल तर फोटोग्राफीतला जुना नियम लावा. लख्ख उन्हात आयएसओ (संवेदनशीलता) १०० ला एफ-१६ (भिंगाचं छिद्र) आणि १/१०० सेकंद, किंवा तेवढाच उजेड देणारं एफ-८ आणि १/४००. यावर चित्र काळं किंवा पांढरंफटक येत असेल, तर सूर्याच्या तीव्रतेशी कोणीतरी खेळलेलं आहे.

सूर्य कोकणातला आहे का?

गुरुजींच्या घराचा दर्शनी भाग उत्तरेला. माझ्या पहिल्या रेंडरमध्ये त्यावर भर दुपारचं छान तिरपं ऊन होतं, कारण एचडीआरआय युरोपातला होता आणि मला सोयीचा दिसेपर्यंत मी तो फिरवला होता. गावातल्या माणसाला आपल्या अंगणात कोणत्या महिन्यात कुठवर ऊन येतं, ते घड्याळ न बघता ठाऊक असतं.

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य तिथे दक्षिणेकडे ५० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तो बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतं, पण वरून घसटत येतं, आणि छज्जाची सावली जवळजवळ पूर्ण भिंत झाकते. उत्तरेच्या दर्शनी भागावर खरोखर तिरपं ऊन हवं असेल तर मे-जूनमधली सकाळची किंवा संध्याकाळची वेळ घ्या. मी मेमधली सकाळी आठची घेतली.

इथे आणखी एक घोळ होतो. सन सिस्टिममध्ये टाइम झोन ५.५ हवा, पुष्कळदा ५ पडलेला असतो. अर्ध्या तासात सूर्य साडेसात अंश सरकतो, तेवढ्यात सकाळची सावली एका खिडकीवरून दुसरीवर जाते. शिवाय आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि रत्नागिरी ७३.३ वर, त्यामुळे तिथला खरा मध्यान्ह साडेबाराच्या पुढे होतो. बाराला सावली सरळ येत नाही म्हणून उत्तर दिशा फिरवू नका.

सावलीची कडा हाही एक पुरावा असतो. आकाशात सूर्य अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून सावलीची कडा अंतराबरोबर मऊ होत जाते. ढोबळ मानाने अंतराच्या शंभराव्या भागाइतकी. तीन मीटर वरच्या छज्जाची कडा तीनेक सेंटिमीटर मऊ, दहा मीटर लांबच्या माडाची दहाएक सेंटिमीटर. सगळ्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या येत असतील तर सूर्याचा आकार शून्य ठेवलेला आहे.

घर जमिनीला टेकलेलं नाही

'आणून ठेवल्यासारखं' या शब्दांचं खरं उत्तर मला इथे सापडलं. माझं जोतं हिरव्या सपाट लॉनवर ठेवलेलं होतं. भिंत आणि गवत यांची रेघ पट्टीने मारल्यासारखी. मुळात कोकणातल्या अशा घरापुढे लॉन असतंच कुठे? चिरे बसवलेलं किंवा सारवलेलं अंगण असतं, पुढे लाल माती, कडेला दगडी गडगा.

पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटतं आणि माती उडून भिंतीवर बसते. जोत्यापासून फूट-दीड फुटापर्यंत तांबूस छटा चढते, खाली गडद आणि वर विरत जाणारी. पागोळ्या पडतात त्या रेषेत जमिनीवर चर पडतो, त्यात बारीक खडी उघडी होते. खिडकीच्या खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांशी पाणी ओघळतं आणि तिथून काळपट ओघळ उतरतात. शेवाळ धरतं ते ओल टिकते तिथे. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जास्त काळवंडतात. चारही बाजूंना सारखीच 'डर्ट मॅप' लावली की ती घाण विकत आणल्यासारखी दिसते.

अर्थात घर नवं आहे, मालकाला शेवाळ बघायचं नाही. तेव्हा भिंतीवर हे सगळं जेमतेम जाणवेल इतकंच ठेवायचं. मी पंधरा टक्क्यांच्या वर जात नाही. पण जमीन नवी नसते. तिथे हात आखडू नका. माती जोत्याशी किंचित चढवा, भिंतीच्या पायाशी दोन-चार तण, वाळकी पानं, कोपऱ्यात वाऱ्याने साठलेला पाचोळा. जमीन मॉडेल करताना दोन-तीन इंचांचे उंचसखल भाग ठेवा. या एका दुरुस्तीला मला अर्धा दिवस लागला, आणि आधीच्या तीन रात्रींनी जे केलं नव्हतं ते तिने केलं.

काचा मेलेल्या

खिडक्या एकतर निळ्या पत्र्यासारख्या किंवा काळ्या भोकांसारख्या येतात. बहुतेक जण काचेच्या मटेरियलशी झटत बसतात. मटेरियल सोपं आहे. आयओआर (अपवर्तनांक) १.५, काचेला खरी जाडी. समोरून बघताना अशी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून साधारण आठ टक्के उजेड परत फेकते, तिरपं बघत गेलं की जास्त. अडचण ही, की परत फेकायला तिच्यासमोर काही नसतंच. तुमच्या सीनमध्ये कॅमेऱ्याच्या पाठीमागे क्षितिजापर्यंत सपाट जमीन आणि रिकामं आकाश आहे. काच प्रामाणिकपणे तेच दाखवते आहे.

कॅमेऱ्यामागे जग उभं करा. चार झाडं, समोरच्या घराचा ढोबळ ठोकळा, गडगा, विजेचा खांब. बारकावे नकोत, थेट दिसणार नाहीत. काचेत मात्र फांद्या तुटक तुटक उमटतात आणि खिडकी जिवंत होते. सूर्य कॅमेऱ्याच्या बाजूला असेल तर दुसरा फायदा: मागच्या झाडाची कवडशांसह सावली अंगणावर आणि भिंतीच्या कोपऱ्यावर पडते. बघणाऱ्याला आपण झाडाखाली उभे आहोत असं वाटतं. सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त देणारी युक्ती विचाराल तर माझं मत हिलाच.

काचेच्या आतही काही हवं. दिवसा खोल्या बाहेरून अंधाऱ्याच दिसतात, पण पूर्ण रिकाम्या नाही. प्रत्येक खिडकीमागे एक खोका, काचेपासून वीतभर आत अर्धवट ओढलेला पडदा, आणि आपल्याकडे गज किंवा ग्रिल असतंच, ते विसरू नका. तावदानं एकमेकांपासून पाव-अर्धा अंश फिरवा. सुताराने बसवलेल्या दोन काचा कधीच एका पातळीत नसतात, त्यामुळे प्रतिबिंब एका काचेतून दुसरीत जाताना तुटतं.

प्लास्टिक कुठून येतं

इथे मात्र सेटिंगची चूक असते आणि ती फार साधी असते. रफनेस (खरखरीतपणा), बंप आणि नॉर्मल (दोन्ही उंचसखलपणासाठी) या मॅप म्हणजे चित्रं नव्हेत, आकड्यांचे तक्ते आहेत. ब्लेंडरमध्ये त्यांना 'नॉन-कलर' लावायचं, थ्रीडीएस मॅक्समध्ये लोड करताना गॅमा १.० द्यायचा. नाही दिला तर प्रोग्राम त्यांना रंगीत चित्र समजून बदलतो. रफनेस ०.७ असेल तर त्याचं ०.४५ च्या आसपास होतं. खरखरीत चिरा अचानक तुकतुकीत होतो, आणि आपण म्हणतो टेक्स्चर खराब आहे.

चिऱ्यांमधले सांधे खोल दिसायच्या ऐवजी फुगलेले दिसत असतील तर नॉर्मल मॅप दुसऱ्या पद्धतीची आहे. ब्लेंडरला ओपनजीएल पद्धतीची लागते. डायरेक्टएक्सची असेल तर हिरवा चॅनेल उलटा करा.

दोन मीटरचं टेक्स्चर बारा मीटरच्या भिंतीवर सहा वेळा उमटलं की तोच डाग सहा वेळा दिसतो. व्ही-रे आणि कोरोना या इंजिनांत टेक्स्चरची जागा बदलत ठेवणारा यूव्हीडब्ल्यू रँडमायझर आहे, ब्लेंडरमध्ये वेगळ्या मापाच्या दोन प्रती नॉइजने (अनियमित ठिपक्यांच्या नकाशाने) मिसळा. कौलांना मी टेक्स्चरपेक्षा खरी भूमितीच देतो: एक कौल इन्स्टन्स करायचं (त्याच्याच प्रती पसरायच्या), प्रत्येकाला अंशभर वाकडेपणा आणि रंगात थोडा फरक.

धारदार कोपऱ्यांबद्दल फार बोललं जातं, माझं मत थोडं वेगळं आहे. चौदा मीटरचं दृश्य ३८४० पिक्सेलमध्ये मावत असेल तर एक पिक्सेल साडेतीन मिलिमीटरचा. गिलाव्याच्या कोपऱ्याला पाच मिलिमीटरची गोलाई दिली तर ती जेमतेम दीड पिक्सेल होते. म्हणून जवळचे खांब, पायऱ्या, कठडा यांनाच बेव्हल (खरी गोलाई) द्या. लांबच्या भिंतींना शेडरमधली (मटेरियलने भासवलेली) गोल कडा पुरते.

झाडं, आणि काही किरकोळ

झाडाच्या आतल्या भागात काळे डाग दिसतायत? ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनमध्ये ट्रान्सपरंट बाउन्स (किरण किती पारदर्शक थर ओलांडतो तो आकडा) मुळात ८ असतात. पानं अल्फा मॅपने (पारदर्शकतेच्या नकाशाने) कापलेली असतील तर नवव्या पानापलीकडे किरण जात नाही आणि तिथे काळं भरतं. ३२ करा. पानांना थोडी ट्रान्सलुसन्सीही द्या, उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघताना पान पोपटी उजळतं. आणि आयत्या लायब्ररीतले मेपल, बर्च काढून टाका. माड, फणस, आंबा, पोफळ, जास्वंद मिळवायला वेळ लागतो, पण एका चुकीच्या झाडाने घराचा पत्ता बदलतो.

आकाश धूसर, फुटलेलं दिसतंय? ४के एचडीआरआयमध्ये ४०९६ पिक्सेल ३६० अंशांना वाटलेले असतात. २८ एमएमच्या लेन्समध्ये ६५ अंश दिसतात, म्हणजे ७५० च्या आत पिक्सेल ताणून ३८४० भरायचे. १६के घ्या, नाहीतर मागे वेगळा फोटो लावा.

कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, साधारण दीड मीटर. उभ्या रेषा उभ्याच हव्यात. कॅमेरा वर मान करून बघत असेल तर तो सरळ करा आणि लेन्स शिफ्टने चौकट वर सरकवा.

चिरे आणि गवत तैलचित्रासारखं फासलं गेलं असेल तर तो डीनॉइझर, रेंडरमधली कणी (नॉइज) पुसणारं साधन. कमी सॅम्पलवर तो टेक्स्चरलाच नॉइज समजतो. अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) पास त्याला द्या आणि थोडी कणी राहू द्या. फोटोतही ती असतेच.

एक विचित्र केस: कडा थरथरतात, सपाट भिंतीवर काळे तुकडे येतात, कितीही वेल्ड केलं (बिंदू सांधले) तरी जात नाहीत. सर्व्हेच्या ड्रॉइंगवरून मॉडेल केलं असेल तर ते मूळ बिंदूपासून किती लांब आहे ते बघा. यूटीएम या नकाशाच्या मोजणी पद्धतीत आपल्याकडचे उत्तर-निर्देशांक वीस लाख मीटरच्या आसपास नाहीतर त्याहून जास्त असतात. ३२ बिटच्या आकड्यांना तिथे अर्ध्या वितीपेक्षा बारीक फरक कळत नाही. सगळं उचलून शून्यावर आणा.

गुरुजींना दुसरा रेंडर फोनवर पाठवला. सकाळचं ऊन, लाल अंगण, डावीकडून येणारी आंब्याची सावली. अर्ध्या तासाने फोन आला. घराबद्दल एक शब्द नाही. "तो आंबा तिथे नाही, विहिरीच्या अलीकडे आहे," म्हणाले, "आणि ती गाडी कोणाची? स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे तिचं."

गाडी लायब्ररीतून घेतलेली होती. अशी गाडी एक्स अक्षात आरशासारखी उलटवली की स्टिअरिंग उजवीकडे येतं, पण नंबरप्लेट आणि मागची अक्षरंही उलटी होतात. ती आधी वेगळी काढून ठेवा, उलटवल्यावर नॉर्मल्स (पृष्ठभागांच्या दिशा) आत गेले आहेत का ते तपासा, आणि मग पाटी सरळ बसवा.